पायोनियर सेमेटरीत काम करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यात फिरताना शेताच्या कडेला किंवा चर्चमागच्या टेकाडावर पंधरा-वीस कलत्या दगडांची जुनी दफनभूमी हमखास दिसते. १८४० नंतर ओरेगन ट्रेलने, म्हणजे पूर्वेकडून इथवर येणाऱ्या लांबच लांब वाटेने, बैल जुंपलेल्या गाड्यांतून जे गोरे वसाहतकार आले, त्यांच्या या पायोनियर सेमेटरी. ओरेगनमध्ये १४ फेब्रुवारी १९०९ पूर्वी मरण पावलेली एक जरी व्यक्ती जिथे पुरलेली असेल, ती दफनभूमी ‘ऐतिहासिक’ ठरू शकते. राज्याचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ चा, म्हणून ही पन्नास वर्षांची रेघ. अशा जागांची निगा बहुतेक वेळा स्थानिक स्वयंसेवकच राखतात. तुम्ही तिकडे राहत असाल आणि एखाद्या शनिवारी हौसेने हात लावायला जाणार असाल, तर आधी हे वाचा. या दगडांचं नुकसान पावसाइतकंच हौशी लोकांनीही केलं आहे.

दगड काळा पडलाय म्हणून ब्लीच

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एकोणिसाव्या शतकातले बरेचसे दगड संगमरवराचे असतात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर किंवा बाथरूमचं अ‍ॅसिड लावलं की अक्षरांसकट दगडाचा थर विरघळतो. ब्लीचने दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, फोटोही झकास येतो. पण त्यातले क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि आतून पृष्ठभाग फोडत राहतात. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर तर गाडीतून बाहेरच काढू नका.

मग करायचं काय? आधी बोटाने हलकेच चाचपून पाहा. साखरेसारखे कण हाताला लागत असतील किंवा पापुद्रे सुटत असतील, तर तो दगड धुवायचाच नाही. दगड घट्ट असेल तर भरपूर साधं पाणी, मऊ ब्रश, आणि खालून वर घासत जायचं. वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भागात मुरतात. शेवाळ आणि दगडफूल हटत नसेल तर डी-टू नावाचं जैविक द्रावण मिळतं. अमेरिकेच्या सैनिकी दफनभूमींतही ते वापरलं जातं. त्याचा परिणाम काही आठवड्यांत हळूहळू दिसतो. तासाभरात फरक दिसला नाही म्हणून दुसरं काही ओतू नका. रात्री गोठणारी थंडी पडणार असेल, तर त्या दिवशी पाणीही नको.

एखादा दगड निळसर राखाडी, विलक्षण रेखीव आणि टकटक केल्यावर पोकळ वाजणारा निघाला, तर तो दगड नसून जस्त आहे. ‘व्हाइट ब्रॉन्झ’ या नावाने कनेटिकटमधली एक कंपनी १८७० च्या दशकापासून हे विकत होती. याची अक्षरं आजही काल कोरल्यासारखी वाचता येतात. त्याला काही न करणं हीच त्याची निगा.

अक्षरं लागत नाहीत म्हणून शेव्हिंग क्रीम

दगडाला क्रीम किंवा पीठ फासून अक्षरं उठवायची, ही युक्ती अजूनही तोंडोतोंडी फिरते. शेव्हिंग क्रीममधली आम्लं आणि स्निग्ध द्रव्यं दगडात मुरतात, पाण्याने पुरती निघत नाहीत. पिठाने बुरशीला जेवण मिळतं. कागद लावून कोळशाने ठसा घेताना हाताचा दाब पडतो, पोकळ झालेला दगड तडकतो. याऐवजी मोठा आरसा न्या आणि उन्हाचा कवडसा दगडावर अगदी बाजूने पाडा. झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात आणि सपाट वाटणाऱ्या पाटीवरचं नाव दिसू लागतं. ढगाळ असेल तर संध्याकाळी टॉर्च तशीच तिरपी धरायची.

पडलेला दगड उभा करण्याची घाई

एक घनफूट संगमरवर साधारण ७५ किलो भरतो. पायांची बोटं चिरडायला एवढं वजन पुरे. दुसरं म्हणजे सिमेंट. पोर्टलँड सिमेंट जुन्या दगडापेक्षा कठीण असतं; जमीन फुगली-आकसली की सिमेंट हलत नाही, दगड तुटतो. तुटलेले तुकडे जिथे आहेत तिथेच फोटो काढून नोंदवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून सुटे दगड एका रांगेत लावण्याची खोड तर फारच वाईट. कुणाचा दगड कुणाच्या डोक्याशी होता, हे एकदा हरवलं की कायमचं हरवलं.

तण काढतानाही तेच. व्हिंका, आयरिस, डॅफोडिल, लायलॅक ही झाडं बऱ्याचदा घरच्यांनी कबरीवर मुद्दाम लावलेली असतात. ओबडधोबड गोटा दिसला तर तोही उचलू नका. पैसे नसलेल्या घरांची खूण तीच असायची.

दगडावर लिहिलंय म्हणजे खरंच

संशोधनातली मोठी फसगत इथे होते. दगड पुष्कळदा मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, कधी नातवंडांनी बसवलेला असतो. ‘वय ४२ वर्षे, ३ महिने, ५ दिवस’ असा मजकूर असला तर जन्मतारीख काढता येते, पण महिना किती दिवसांचा धरला यावर एक-दोन दिवस इकडेतिकडे होतात. शिवाय नाव आहे म्हणून देह तिथे असेलच असं नाही. ट्रेलवर तर उलटही घडे: कबर उकरली जाऊ नये म्हणून माणसाला वाटेतच पुरून त्यावरून गाड्या हाकत असत. तिथे दगड कुठून येणार?

आपल्याला ओळखीचं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीचं. तिथल्या रूरल सेमेटरीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. फक्त दगड पाहणारा म्हणेल, बाई अमेरिकेतच वारल्या. त्या गेल्या पुण्यात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी. इथे आली ती त्यांची रक्षा, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे. आणि दगडावर आडनावाच्या शेवटी दोन ‘ई’ आहेत, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोधाल तर हाती काही लागणार नाही. परदेशी नावांचं असंच होतं. चार-पाच स्पेलिंगं घालून पाहा.

‘फाइंड अ ग्रेव्ह’ या कबरींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर दगडाचा फोटो असेल तर तो पुरावा. खालचं चरित्र मात्र कुणीतरी लिहिलेलं असतं, ते पडताळल्याशिवाय पुढे ढकलू नका.

जनगणनेत नाही म्हणजे माणूस नव्हताच?

१८५० च्या आधीच्या अमेरिकी जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बायकामुलं म्हणजे निव्वळ आकडे. १८९० ची जवळजवळ सगळी कागदपत्रं १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाली. ओरेगनमध्ये राज्यभर मृत्यूनोंदणी १९०३ मध्ये सुरू झाली. त्यामुळे दाखला नाही म्हणून हात टेकू नका. १८५० ते १८८० च्या जनगणनांसोबत आदल्या वर्षभरातल्या मृतांच्या वेगळ्या याद्या आहेत. वसाहतकारांना फुकट जमीन देणाऱ्या १८५० च्या डोनेशन लँड क्लेम कायद्याखाली जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांच्या कागदांत तर लग्नाची तारीख आणि ठिकाणही मिळून जातं. मला विचाराल तर सुरुवात तिथूनच करावी.

मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा

पोर्टलँडच्या लोन फर दफनभूमीत पहिलं दफन १८४६ चं. तिथल्या ब्लॉक १४ मध्ये चिनी कामगारांना पुरत. बऱ्याच जणांच्या अस्थी काढून चीनला पाठवल्या गेल्या, तेव्हा जागा मोकळी झाली असं धरून १९५० च्या दशकात तिथे काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, इमारत उभी राहिली. पुढे, या शतकात, खोदकाम करून पाहिलं तर खाली माणसं होतीच. वेड्यांच्या इस्पितळातले शंभराहून अधिक रुग्णही याच दफनभूमीत पुरले गेले.

जमिनीत शिरणारं रडार उपयोगी पडतं, पण ते हाडं दाखवत नाही. हललेली माती दाखवतं, आणि ओल्या चिकणमातीत तेही अडखळतं. सळई खुपसून तर मुळीच पाहू नका. आणि मालकाची परवानगी नसेल तर कुंपणाच्या बाहेरच राहा. कित्येक दफनभूमी खाजगी जमिनीत आहेत. सर्वेक्षणाच्या नकाशावर जिथे दगड दिसत नाही तिथे ‘रिकामी’ लिहू नका, ‘खूण नाही’ एवढंच लिहा.