एक 'ला', चार वाटा: इंग्रजी 'टू'च्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक पोरगा संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येतो. मागच्या महिन्यात त्यानं रजेचा अर्ज लिहून आणला. पहिलंच वाक्य होतं: 'आय हॅव टू गो टू व्हिलेज टू सिस्टर मॅरेज.' मी तांबडी पेन्सिल उचलली तसा म्हणाला, "काय चुकलं ओ सर? मला बहिणीच्या लग्नाला गावाला जायला लागतंय, एवढंच लिहिलंय की!"

त्याचं तेच मराठी वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि 'ला'खाली रेघा मारल्या. मला, लग्नाला, गावाला, जायला. चार झाले, 'लागतंय'मधला सोडून. शाळेत आपण 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलेलं असतं. द्वितीयेलाही तोच, चतुर्थीलाही तोच, आणि वर क्रियापदालाही तोच. आपला 'ला' कुठंही चालतो. इंग्रजीत मात्र या चार 'ला'ंच्या चार वाटा होतात. 'मला'चा झाला 'आय', त्याला प्रत्यय नाहीच. 'जायला' म्हणजे 'टू गो', हा झाला इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'टू' आणि पुढं क्रियापदाचं मूळ रूप. 'गावाला' म्हणजे 'टू माय व्हिलेज', इथला 'टू' प्रिपोझिशन, म्हणजे नामाच्या आधी येणारा, इथं ठिकाण दाखवणारा. आणि 'लग्नाला' म्हणजे 'फॉर माय सिस्टर्स वेडिंग', तिथं 'टू' नाहीच. 'टू'च वापरायचा हट्ट असेल तर मध्ये क्रियापद घाला: 'टू अटेंड माय सिस्टर्स वेडिंग.'

ही चूक फक्त मराठी पोरांची आहे असं समजू नका. बैलहोंगलकडची कन्नड बोलणारी मुलंही हुबेहूब असंच लिहितात. 'ननगे तंगी मदुवेगे ऊरिगे होगबेकु.' मोजा, तीन 'गे', म्हणजे आपले तीन 'ला'. या बाबतीत तरी सीमावाद नाही.

आता सगळ्यात जास्त भेटणारी चूक: 'आय वेंट टू मार्केट फॉर बाय व्हेजिटेबल्स.' 'आणण्यासाठी'तला 'साठी' डोक्यात असतो, म्हणून 'फॉर' येतो. पण 'फॉर'च्या मागं साधं क्रियापद कधीच उभं राहत नाही. आपण कशासाठी गेलो हे क्रियापदानं सांगायचं तर 'टू बाय व्हेजिटेबल्स', नामानं सांगायचं तर 'फॉर व्हेजिटेबल्स'. 'फॉर टू बाय' तर नकोच नको. हेतूच्या वाक्यात 'फॉर'नंतर 'आयएनजी' चालतो, पण तो बहुतेक वस्तूचा उपयोग सांगताना: 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ओनियन्स.'

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरी शोधत होतो तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीला पत्र लिहिलं आणि शेवटी ऐटीत जोडलं, 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.' मुलाखतीला बोलावणं आलं, पण समोरच्या गृहस्थांनी माझंच पत्र माझ्यापुढं सरकवलं. त्यात 'मीट'भोवती गोल केलेला. 'टू' दिसला की पुढं क्रियापदाचं मूळ रूप, हे मला इतकं पाठ होतं की हा 'टू' वेगळ्या जातीचा आहे हे सुचलंच नाही. हवं होतं 'टू मीटिंग यू'. कानाला विचित्र लागतं, पण बरोबर तेच.

ओळखायचं कसं? 'टू'च्या पुढं एखादं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी' जमतं ना? मग तो प्रिपोझिशन, आणि क्रियापद आलं तर 'आयएनजी' लावूनच येणार. 'आय वॉन्ट टू दिवाळी' जमत नाही, म्हणजे तिथं इन्फिनिटिव्ह. या कसोटीचा खरा उपयोग 'यूज्ड टू'ला होतो. खानापूरकडचा माणूस पावसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. 'आय यूज्ड टू वॉक इन द रेन', म्हणजे पूर्वी भिजत चालत जायचो, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग इन द रेन', म्हणजे पावसात चालायची सवय आहे, आजही. दुसऱ्यात 'टू'पुढं नुसतं 'द रेन' ठेवलं तरी वाक्य उभं राहतं, पहिल्यात राहत नाही.

बेळगावात राहून एक गंमत सांगायची राहूच शकत नाही. 'आय ॲम गोइंग टू कॅम्प' याचे आपल्या गावात दोन अर्थ. कॅम्प नावाच्या भागातल्या दुकानात निघालो असेन तर 'कॅम्प' ठिकाण आणि 'टू' प्रिपोझिशन. जांबोटीच्या रानात तंबू ठोकणार असेन तर 'कॅम्प' क्रियापद आणि 'टू' इन्फिनिटिव्हचा. लिहिताना मोठा 'सी' वाचवतो, बोलताना देव वाचवो. आणि आपण 'जेवायलोय', 'जायलोय' म्हणतो त्यातल्या 'ायला'ला फसू नका. तो चालू काळ आहे, तिथं 'टू ईट' नाही, 'ईटिंग'.

आता अशी चूक, जी चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही हातून होते. मराठीत 'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन', 'बोलायला माणूस' एवढ्यावर भागतं. खुर्चीवर बसायचं, पेनानं लिहायचं, माणसाशी बोलायचं, यातले 'वर', 'नं', 'शी' आपण गिळून टाकतो आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत ते शेवटी परत यावे लागतात. 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ', 'समवन टू टॉक टू'. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन लोंबकळलेला बघून पोरं तो खोडतात. मी परत लिहितो, ती परत खोडतात. शंका आली तर वाक्य उलटं करा: 'सिट ऑन अ चेअर'मध्ये 'ऑन' लागतो ना? मग इकडंही लागणार. 'ड्रिंक वॉटर'मध्ये काहीच लागत नाही, म्हणून 'वॉटर टू ड्रिंक' तिथंच संपतं. पण पेला मागायचा असेल तर 'अ ग्लास टू ड्रिंक फ्रॉम'. 'अ प्लेस टू लिव्ह' एवढंच लिहिलेलं सर्रास चालतं, 'हाऊस'ला मात्र 'इन' लावलेला बरा.

काही क्रियापदांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पाठच करावी लागतात. 'रीच'च्या पुढं 'टू' नाही: 'आय रीच्ड बेळगाव'. 'डिस्कस'ला 'अबाउट' नाही. 'आस्क' आणि 'टेल' यांना माणूस थेट जोडायचा, 'एक्स्प्लेन'ला मात्र 'टू मी' हवाच. 'होम'च्या आधी 'टू' नको, 'गो होम'. 'कॅन', 'मस्ट', 'लेट' यांच्यानंतरच्या क्रियापदाला 'टू' नाही. अर्जात 'आय रिक्वेस्ट टू यू' लिहू नका. 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह' लिहा. विनंती आपण कुणाला तरी करतो, पण इंग्रजीत तो 'ला'ही गायब.

आता त्या पोराच्या अर्जाचं शेवटचं वाक्य. मी वरची सगळी वाक्यं दुरुस्त केली, हे तसंच जाऊ दिलं, कारण त्यात 'टू' अगदी जागेवर होता: 'आय रिक्वेस्टेड द सुपरवायझर टू चेंज माय शिफ्ट ऑन मंडे.' त्याला म्हणायचं होतं की विनंती सोमवारी केली. पण 'ऑन मंडे' जाऊन बसलं 'चेंज माय शिफ्ट'च्या शेजारी, आणि इंग्रजी वाचणारा असा तुकडा शेजारच्या क्रियापदाला जोडतो. हवं होतं: 'ऑन मंडे आय रिक्वेस्टेड द सुपरवायझर टू चेंज माय शिफ्ट.' आपल्या 'मी सोमवारी शिफ्ट बदलायची विनंती केली' या वाक्यातही हाच घोळ आहे, म्हणून तो माझ्या नजरेला टोचला नसावा. ऑफिसनं सोमवारची शिफ्ट बदलून दिली. लग्न गुरुवारी होतं.