वैद्यकीय प्रवेशासाठी निवड कशी होते आणि तिची तयारी कशी करावी

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टेक्सास विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७९ मध्ये तेथील दीडशे जागांची निवड पूर्ण झाली होती आणि त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी पन्नास विद्यार्थी घेण्याचा आदेश दिला. तोवर चांगल्या क्रमांकाचे उमेदवार इतरत्र गेले होते, त्यामुळे मुलाखतीनंतर नाकारलेल्या आणि क्रमवारीत तळाशी असलेल्या उमेदवारांनाच बोलवावे लागले. पुढे दोन्ही गटांची तुलना करण्यात आली, तेव्हा परीक्षांतील यश, रुग्णालयातील काम आणि पदवीनंतरचे पहिले वर्ष यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. प्रवेशाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानात ठेवावी, असे मला मनापासून वाटते. एका मर्यादेनंतर निवड समितीला पात्र उमेदवारांतूनच पात्र उमेदवार निवडायचे असतात. हे काम कठीण असल्यामुळे समित्या वेगवेगळी साधने वापरतात, आणि प्रत्येक साधन उमेदवाराला वेगळा प्रश्न विचारते. तो प्रश्न ओळखून त्याचेच उत्तर तयार करणे, हा तयारीचा गाभा आहे.

तयारीची सुरुवात पुस्तकांपासून न करता महाविद्यालयांच्या प्रवेश नियमांपासून करावी, कारण निवडीच्या पद्धती एकमेकींपासून फार दूर आहेत. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीट या एकाच परीक्षेतील गुणवत्ताक्रमावर ठरतो आणि मुलाखत नसते. नेदरलँड्समध्ये १९७२ पासून अनेक दशके भारित सोडत होती, म्हणजे शालेय गुण जितके अधिक तितकी नाव निघण्याची शक्यता अधिक. ती २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२३ पासून विद्यापीठांना सोडतीची मुभा पुन्हा मिळाली. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे शैक्षणिक गुण, अभियोग्यता चाचणी, लेखी निवेदन आणि मुलाखत यांची निरनिराळी मिश्रणे आढळतात. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठ तर दुर्गम भागांना डॉक्टर मिळावेत म्हणूनच १९७२ मध्ये स्थापन झाले. तेथे प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी घेतले जातात आणि पदवीनंतर त्यांनी आपल्या प्रांतात ठरावीक वर्षे सेवा करावी अशी अपेक्षा असते. संस्था कशासाठी उभी आहे हे कळले की ती कोणाला निवडेल याचा बराचसा अंदाज येतो.

ज्या महाविद्यालयांचा विचार आहे, त्यांचे नियम एका वहीत समोरासमोर लिहून काढावेत. किमान गुण, आवश्यक विषय, चाचणीचे नाव, मुलाखतीचा प्रकार आणि अर्जाची अंतिम तारीख या नोंदी तर सगळेच करतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: हे साधन गाळणी म्हणून वापरले जाते की बेरजेत धरले जाते? काही ठिकाणी चाचणीचे गुण केवळ मुलाखतीचे बोलावणे ठरवतात आणि त्यानंतर सर्वांची पाटी कोरी होते. काही ठिकाणी तेच गुण अखेरच्या यादीपर्यंत सोबत राहतात. जिथे गाळणी आहे तिथे कट-ऑफच्या बऱ्याच वर पोहोचलेल्या विद्यार्थ्याने आणखी गुणांसाठी महिनाभर झटणे व्यर्थ आहे, तो महिना मुलाखतीला द्यावा. जिथे बेरीज आहे तिथे एकेक गुण मोलाचा. हा फरक न पाहिल्यामुळे अतिशय मेहनती विद्यार्थीही चुकीच्या जागी शक्ती खर्च करतात.

चाचण्यांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांचा सराव कसा करावा हे बहुतेकांना ठाऊक असते. वेळेचे गणित मात्र आधी मांडावे. ब्रिटनमधील यूकॅट चाचणीच्या शाब्दिक विभागात २२ मिनिटांत ४४ प्रश्न असतात. अर्ध्या मिनिटात एक प्रश्न सोडवताना उतारा पूर्ण वाचून मग उत्तर शोधण्याची सवय उपयोगी पडत नाही, आधी प्रश्न पाहून उताऱ्यातील नेमके वाक्य गाठावे लागते. अमेरिकेतील एमकॅट याच्या अगदी उलट आहे. चार विभाग, २३० प्रश्न आणि मध्यंतरांसह सुमारे साडेसात तास चालणारी ही परीक्षा चिकाटीचीही कसोटी पाहते, म्हणून शेवटच्या आठवड्यांतील सराव पूर्ण लांबीच्या प्रश्नपत्रिकांनीच करावा. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असून बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. चारपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतून निवड करणे सरासरीने फायद्याचेच ठरते. वजा गुणांच्या धास्तीने असे प्रश्न कोरे सोडणारे विद्यार्थी स्वतःचे नुकसान करून घेतात.

प्रसंगाधारित निर्णय चाचणीचा स्वभाव वेगळा असतो. समजा, प्रश्नात असे लिहिले आहे: वॉर्डमध्ये तुमच्याबरोबर काम करणारा विद्यार्थी रुग्णाच्या कागदांचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलवर काढताना तुम्हाला दिसतो. पर्यायांत दुर्लक्ष करणे, त्याच्याशी एकांतात बोलणे, लगेच अधिष्ठात्यांकडे तक्रार करणे आणि इतर विद्यार्थ्यांचे मत घेणे असे मार्ग दिलेले असतात. येथे तुम्ही किती कठोर आहात हे तपासले जात नाही. रुग्णाची गोपनीयता जपली जाते का, कृती वेळेवर होते का, ती तुमच्या अधिकाराच्या मर्यादेत आहे का आणि सहकाऱ्याला बाजू मांडण्याची संधी मिळते का, हे पाहिले जाते. त्यामुळे आधी त्या विद्यार्थ्याशी बोलून छायाचित्र काढून टाकायला सांगणे आणि वॉर्डमधील जबाबदार वरिष्ठांच्या कानावर घालणे हा मार्ग योग्य ठरतो. इतर विद्यार्थ्यांमध्ये चर्चा करणे हा गोपनीयतेचा दुसरा भंग होय. या चाचणीसाठी त्या देशातील वैद्यकीय परिषदेची आचारसंहिता एकदा शांतपणे वाचावी, कारण उत्तरांमागचे तर्कशास्त्र तिच्यात असते.

आता लेखी निवेदन, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक सारखेपणा याच कागदावर दिसतो. ‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करण्याची आवड आहे’ हे वाक्य खरे असले, तरी वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काम केलेली एखादी मुलगी असे लिहू शकते: ‘पक्षाघातातून उठलेले एक आजोबा पाण्याच्या पेल्याला हात लावत नसत. त्यांना तहान नसावी असे आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी मी पेला चुकून त्यांच्या उजव्या हाताला ठेवला आणि त्यांनी तो लगेच उचलला. डावीकडचे त्यांच्या लक्षातच येत नव्हते. त्यानंतर मी त्यांच्या खोलीतील घंटा आणि चष्माही उजवीकडे आणून ठेवला व परिचारिकेला तसे सांगितले.’ या परिच्छेदात सेवा हा शब्द कुठेही नाही. तरीही मुलगी निरीक्षण करते, आधी चुकीचे धरून चालल्याचे कबूल करते, स्वतःच्या अखत्यारीतील बदल करते आणि संबंधितांना कळवते, हे चारही गुण वाचणाऱ्याला दिसतात. निवेदन लिहिताना प्रत्येक अनुभवासाठी काय पाहिले, काय गैरसमज होता आणि नंतर काय वेगळे केले, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

असा अनुभव मिळवण्यासाठी मोठ्या शस्त्रक्रिया पाहण्याची गरज नसते. दोन दिवस शल्यविशारदाच्या मागे उभे राहण्यापेक्षा सहा महिने दर आठवड्याला एकाच ठिकाणी जाणे अधिक बोलके ठरते, कारण सातत्य अर्जावर आपोआप उमटते. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून ठेवाव्यात आणि त्यांत रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कधीही लिहू नये. अमेरिकेच्या सामायिक अर्जात पंधरापर्यंत उपक्रम नोंदवता येतात आणि त्यांतील तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडता येतात. ही निवड करताना ज्यांची अशी टिपणे जवळ असतात, त्यांना आठवणींशी झगडावे लागत नाही. शिफारसपत्रासाठी पदाने मोठ्या व्यक्तीपेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेल्या शिक्षकांना विचारावे आणि त्यांना किमान महिनाभर वेळ द्यावा.

मुलाखतीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत दोन-तीन परीक्षकांसमोर अर्धा तास बसावे लागते. तिचा दोष असा, की पहिल्या काही मिनिटांत पडलेली छाप पुढच्या सगळ्या उत्तरांवर सावली धरते, आणि नशिबाने गाठ पडलेला परीक्षक किती उदार आहे यावर बरेच अवलंबून राहते. यावर उपाय म्हणून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत विकसित केली आणि २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुमारे दहा खोल्या, प्रत्येक खोलीत आठ मिनिटे, मध्ये दोन मिनिटे आणि प्रत्येक ठिकाणी नवा परीक्षक, असे तिचे मूळ रूप आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांची कौशल्ये तपासण्यासाठी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून मांडलेल्या परीक्षापद्धतीचा आराखडाही असाच, म्हणजे एकामागून एक छोट्या स्थानकांवर जाऊन परीक्षा देण्याचा आहे. एका खोलीत बिघडलेले काम पुढच्या खोलीत मागे येत नाही, आणि ही गोष्ट उमेदवाराला मोठा धीर देणारी आहे.

एका खोलीच्या दारावर अशी सूचना असते असे धरू: ‘तुमच्या हातून पाणी सांडल्याने सहनिवासी विद्यार्थिनीचा लॅपटॉप बंद पडला आहे. तिचा प्रकल्प उद्या सादर व्हायचा आहे. आत जाऊन तिच्याशी बोला.’ आत अभिनय करणारी व्यक्ती बसलेली असते आणि परीक्षक कोपऱ्यात असतो. बहुतेक उमेदवार बसण्यापूर्वीच ‘मी मुद्दाम केले नाही’ असे सुरू करतात. त्यानंतर लॅपटॉप दुरुस्त करण्याचे, नवा घेऊन देण्याचे, प्राध्यापकांशी बोलण्याचे असे उपाय एका दमात सांगून टाकतात आणि उरलेली पाच मिनिटे शांततेत जातात. येथे क्रम बदलावा. आधी बसावे, काय घडले ते सरळ शब्दांत सांगावे, चूक आपली आहे असे एकाच वाक्यात म्हणावे आणि थांबावे. तिला रागावू द्यावे. मग प्रकल्पाची दुसरी प्रत कुठे आहे का, तिला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते, हे विचारावे आणि तिच्या उत्तरावरून पुढचे पाऊल तिच्यासोबत ठरवावे. वाईट बातमी सांगताना डॉक्टरांना नेमके हेच करावे लागते, म्हणून तर ही खोली तिथे असते.

नैतिक पेच असलेल्या खोलीत परीक्षकाला अंतिम निर्णयापेक्षा विचारांचा मार्ग ऐकायचा असतो. रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, अपाय टाळणे आणि सर्वांशी न्याय ही चार तत्त्वे मनाशी धरावीत, मात्र त्यांची नावे पाठ म्हणून दाखवू नयेत. दोन बाजू मांडल्यानंतर आपली बाजू स्पष्ट सांगावी, कारण कुंपणावर बसलेले उत्तर अपुरे वाटते. परीक्षकाने नवी माहिती दिली आणि त्यामुळे मत बदलले, तर का बदलले ते सांगून बदलावे. सरावासाठी दाराबाहेरची दोन मिनिटे आणि आतली आठ मिनिटे घड्याळ लावून पाळावीत आणि समोर प्रत्येक वेळी वेगळी व्यक्ती बसवावी. तयार उत्तरे पाठ करू नयेत. ती ऐकणाऱ्याला लगेच कळतात आणि प्रश्न किंचित वळला की उमेदवाराला वळता येत नाही.

निवडीत अन्यायही झाले आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. लंडनमधील सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्जांची प्राथमिक छाननी करणारा संगणक कार्यक्रम आधीच्या मानवी निर्णयांवरून बेतला होता आणि तो स्त्रियांना व युरोपीय न वाटणारी नावे असलेल्यांना कमी गुण देत होता. ब्रिटनमधील वांशिक भेदभावाची चौकशी करणाऱ्या वंशसमता आयोगाने १९८८ मध्ये त्या महाविद्यालयावर ठपका ठेवला. टोकियो वैद्यकीय विद्यापीठात मुलींचे गुण वर्षानुवर्षे कमी केले जात होते, हे २०१८ मध्ये उघड झाले. म्हणून निकष आणि त्यांचे भारांक जाहीर करणाऱ्या महाविद्यालयांना अर्जात अग्रक्रम देणे शहाणपणाचे आहे, आणि प्रतिकूल परिस्थितीतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असलेली तरतूद लागू होत असेल तर ती संकोच न करता कागदपत्रांसह मागावी.

प्रतीक्षा यादीत नाव आल्यास ती कशी सरकते, संमती किती दिवसांत कळवायची आणि एका जागेला होकार दिल्यावर दुसरीवरचा हक्क जातो का, हे लेखी नियमांतच पाहावे. ऐकीव माहितीवर जागा सोडू नये. नकार आल्यास महाविद्यालय टप्प्यानुसार गुण किंवा अभिप्राय देते का, हे विचारावे आणि तो मिळाला तर वहीतील त्या शेवटच्या रकान्याशेजारी लिहून ठेवावा. चाचणीच्या गाळणीत अडकलेल्या विद्यार्थ्याने निवेदन पुन्हा लिहिण्यात वर्ष घालवू नये, आणि मुलाखतीत मागे पडलेल्याने पुन्हा चाचणीच्या वर्गात नाव घालू नये. यूकॅटचे गुण त्याच प्रवेशवर्षापुरते चालतात, तर एमकॅटचे गुण बहुतेक महाविद्यालये दोन ते तीन वर्षे ग्राह्य धरतात. तेव्हा दुसऱ्यांदा अर्ज करताना कोणती परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, हे आधी तपासून मगच वर्षाचे वेळापत्रक आखावे.