लग्नाची डीव्हीडी खराब होण्याआधी संगणकात घ्या

गोव्याचा पावसाळा चामड्याच्या चपलांना सोडत नाही, तो डीव्हीडीला काय सोडणार! फोंड्याच्या आमच्या घरी कपाटातून काढलेल्या लग्नाच्या डीव्हीडीवर बुरशीचे ठिपके होते. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसलं. गोल गोल पुसू नका, त्याने पडलेला चरा जास्त त्रास देतो.

नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतोच. यूएसबीवर चालणारा बाहेरचा घ्या किंवा शेजाऱ्याकडून मागून आणा. डिस्क उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खंच हार्ड डिस्कवर कॉपी करा. आतल्या व्हीओबी फाइली, म्हणजे व्हिडिओचे तुकडे, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या असतात, म्हणून एकच उचललीत तर मंगलाष्टकं मध्येच तुटतील. साध्या डिस्कला ४.७ जीबी जागा पुरते.

मग हँडब्रेक हे व्हिडिओचं रूप बदलणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते फोल्डर उघडा, सर्वांत लांब टायटल (डिस्कवरचा एक सलग व्हिडिओ) निवडा आणि त्याची एमपी४ फाइल करा. हलत्या चित्राच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर त्या घालवणारं ‘डीइंटरलेस’ चालू करा. आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) या जुन्या टीव्ही पद्धतीच्या चित्रात ५७६ ओळीच असतात, तेव्हा १०८० करण्याचा हट्ट नको; फाइल फुगते, काकूंचा चेहरा काही स्पष्ट होत नाही.

विकतच्या सिनेमांच्या डिस्कना कॉपी होऊ नये म्हणून बहुधा कुलूप असतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि फाइल शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मूळ डिस्क टाकू नका.