लैंगिक संसर्ग: आधी चाचणी, मग गोळी, आणि तीही दोघांना

लघवीला जळजळ होऊ लागली, जांघेत अवधाण आले किंवा लिंगावर न दुखणारा फोड उठला, की आपल्याकडचा माणूस बहुधा फार्मसीच्या काउंटरवर जातो, हळू आवाजात दोन शब्द बोलतो आणि चार गोळ्या व एक मलम घेऊन परततो. गोव्यासारख्या लहान राज्यात केसपेपर काढणाराही कुठल्या तरी नात्याने ओळखीचा निघतो, त्यामुळे यामागची लाज समजण्यासारखी आहे. परंतु अशा गोळ्यांनी लक्षण दबते, रोग आतच राहतो आणि पुढे चाचणीतही तो नीट सापडत नाही, असे वारंवार घडते. म्हणून निदान कसे करून घ्यावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

या संसर्गांचे दोन गट लक्षात ठेवले तरी पुष्कळ भीती कमी होते. उपदंश म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. हर्पिस, एचआयव्ही आणि जुनाट झालेला हिपॅटायटिस-बी शरीरातून सहसा जात नाहीत, पण औषधांनी ताब्यात राहतात. चामखीळ उठवणारा एचपीव्ही विषाणू बहुतेकांच्या शरीरातून कालांतराने आपोआप निघून जातो, मात्र त्याचे काही प्रकार टिकून राहिले तर गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो.

लक्षण नाही म्हणजे रोग नाही, असे समजणे हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. परमा झालेल्या पुरुषाला साधारण २ ते ७ दिवसांत पू दिसू लागतो, पण अनेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया तर दोघांतही बहुधा मुकाटपणे राहतो आणि स्त्रीच्या गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्वाला कारण होऊ शकतो. उपदंशाची चाल त्याहून फसवी आहे. लागण झाल्यावर सुमारे ३ आठवड्यांनी एक कडक, न दुखणारा व्रण येतो आणि कोणतेही औषध न घेता ३ ते ६ आठवड्यांत भरून निघतो. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. पुढे काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग उमटतात, तेही विरतात, आणि मग वर्षानुवर्षे शांत राहिलेला हा रोग हृदयावर, मेंदूवर किंवा डोळ्यांवर उतरू शकतो. व्रण आपोआप भरला, ही गोष्ट म्हणूनच डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

याच्या उलट, स्त्रीच्या अंगावरून पांढरे जाणे हा प्रत्येक वेळी लैंगिक संसर्ग नसतो. कँडिडा या बुरशीने किंवा योनीतील जंतूंचे संतुलन बिघडल्यानेही तसे होते, त्यामुळे रिपोर्ट येण्यापूर्वी नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊन घर मोडू नये.

चाचणी कधी करावी, याला फार महत्त्व आहे, कारण संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी काढलेल्या रक्तात काही दिसत नाही. परमा व क्लॅमिडियाची लघवीवरील न्याट चाचणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, सुमारे २ आठवड्यांनी करावी. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश व प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी) चाचणी ६ आठवडे उलटल्यावर बरीच खात्रीची असते. बोटाच्या रक्तावरील जलद चाचणी मात्र ३ महिन्यांनी पुन्हा करावी. उपदंशाच्या रक्तचाचणीलाही शेवटची खात्री ३ महिन्यांनीच मिळते. अर्थात, लक्षण असेल तर थांबू नये, त्याच दिवशी जावे. एचआयव्हीच्या लागणीचा खरा धोका असलेला संबंध नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत, आणि शक्यतो पहिल्या काही तासांतच, इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जाऊन प्रतिबंधक औषधाची विचारणा करावी. त्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात आणि ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचा व गुप्तरोग विभाग आहे, तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळांत समुपदेशनासह एचआयव्ही चाचणी होते. आपल्या तालुक्यात ओळखीची भीती वाटत असेल तर सरळ दुसऱ्या तालुक्यात जावे, त्यात गैर काही नाही. घरून निघण्यापूर्वी चौकशी करायची असल्यास १०९७ हा नाकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) निःशुल्क क्रमांक आहे. 'सुरक्षा क्लिनिक' या नावाच्या सरकारी लैंगिक संसर्ग उपचार केंद्रांत लक्षणांनुसार ठरलेला, रंगाने ओळखला जाणारा औषधसंच तेथेच देण्याची पद्धत आहे. तो घेतानाच उपदंश व एचआयव्हीसाठी रक्तही तपासून घ्यावे.

लघवीच्या न्याट चाचणीत एक बारीक चूक फार होते. साध्या लघवीच्या कल्चरसाठी मधली धार मागतात, येथे मात्र पहिलीच धार हवी असते, कारण मूत्रमार्गातील जंतू त्या पहिल्या २०-३० मिलिलिटरमध्ये वाहून येतात. त्याआधी निदान तासभर लघवीला जाऊ नये. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. घशाचा वा गुदद्वाराचा स्वाब घेतल्याशिवाय तेथील संसर्ग लघवीत दिसणार नाही.

गोपनीयतेची काळजी गोव्याला तरी नवी नाही. रक्तदानानंतर एचआयव्हीची लागण उघड झालेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला १९८९ साली म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले होते. आज २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल परस्पर कोणाला सांगता येत नाही आणि त्या कारणावरून नोकरी किंवा उपचार नाकारता येत नाहीत. हा हक्क माहीत असलेला माणूस चाचणीच्या खोलीत अधिक धीराने बसतो, असे मला मनापासून वाटते.

रिपोर्ट वाचताना उपदंशाविषयी गोंधळ होतो. व्हीडीआरएल या उपदंशाच्या रक्तचाचणीत समजा १:३२ असे प्रमाण आले, म्हणजे रक्तद्रव ३२ पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर उपचारानंतर ते १:८ किंवा त्याहून खाली उतरावे लागते. टीपीएचए ही उपदंशाची दुसरी रक्तचाचणी मात्र रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, म्हणून तिच्यावरून पुन्हा उपचार सुरू करू नयेत. गरोदरपण, मलेरिया किंवा अन्य आजारांतही व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा दुसऱ्या चाचणीने खात्री करून घ्यावी.

सुरुवातीच्या उपदंशावर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट, बहुधा दोन्ही कुल्ल्यांत निम्मे-निम्मे, एकदाच देतात. रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने ३ वेळा. इंजेक्शन दुखते, आणि पहिल्या २४ तासांत ताप व अंगदुखी येऊ शकते. ती जंतू मरत असल्याची प्रतिक्रिया असते, पण श्वास लागणे किंवा अंगावर गांधी उठणे ही अ‍ॅलर्जीची खूण असल्याने तत्काळ सांगावी. गरोदर स्त्रीने हे उपचार मुळीच टाळू नयेत, कारण बाळाचा जीव त्यावर अवलंबून असतो. क्लॅमिडियावर डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा ७ दिवस चालते, पण ते गरोदरपणात देत नाहीत. परम्याच्या जंतूंनी सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देणे जवळजवळ सोडले आहे, म्हणून जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या पुन्हा आणू नयेत. मेट्रोनिडाझोल किंवा सेक्निडाझोल चालू असेपर्यंत, आणि त्यानंतरचे २-३ दिवसही, फेणी वा कोणतेही मद्य घेऊ नये. स्टेरॉइड मिसळलेले तिहेरी मलम जननेंद्रियावर स्वतःहून लावणे तर पूर्ण बंद करावे, कारण त्याने त्वचा पातळ होते आणि मूळ आजाराचे रूप बदलून निदान अवघड होते.

जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर आपले उपचार वाया जातात. बोलताना आरोप टाळावा. "मला संसर्ग सापडला आहे, तुलाही काही जाणवत नसताना तो असू शकतो, आपण दोघेही तपासून घेऊ," एवढे पुरते. ते जमत नसेल तर समुपदेशकाची मदत मागावी. परमा व क्लॅमिडियात दोघांचेही उपचार पूर्ण होऊन ७ दिवस होईपर्यंत संबंध ठेवू नयेत आणि सुमारे ३ महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी, कारण त्या काळात फेरलागण बरीच आढळते. उपदंशाची व्हीडीआरएल ६ व १२ महिन्यांनी करावी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. बोटीवर किंवा आखातात कामाला परतणाऱ्यांनी उपचाराची तारीख, औषधाचे नाव व मात्रा आणि उपचारापूर्वीचे व्हीडीआरएलचे प्रमाण लिहिलेला कागद जवळ ठेवावा, म्हणजे दुसऱ्या देशातील डॉक्टरलाही नव्या आकड्याची तुलना करता येते.