माइनक्राफ्टच्या नेदरमध्ये जाऊन जिवंत परत कसं यायचं

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, मग सुट्टीला आलेली सगळी भाचरं कूलरसमोर मोबाईल घेऊन माइनक्राफ्ट खेळत बसतात, आणि थोड्या वेळानं एक आरोळी येतेच, "ओ मामा, सगळं जळालं की!" म्हणजे कुणीतरी नेदरमध्ये गेलंय. नेदर म्हणजे त्या गेममधला नरक. तो २०१० पासून गेममध्ये आहे, पण आज जो दिसतो तो जून २०२० च्या अपडेटनंतरचा. पोरं तिथल्या राक्षसांना घाबरतात. मला विचाराल तर तिथं खरी मारते ती जमीन, त्यामुळे आधी भूगोल शिकायचा आणि मग तलवार काढायची.

आधी बॅग भरा

डायमंडचं काही असेल तर पहिल्या फेरीत घरी चेस्टमध्येच, म्हणजे पेटीत, ठेवा. लाव्हात पडलात तर वस्तू जळून जातात, परत जाऊन गोळा करू असं तिथं चालत नाही. सोबत घ्यायचं ते म्हणजे भरपूर कोबलस्टोन (साधा दगड), धनुष्यबाण, पोटभर खाणं, चकमक म्हणजे फ्लिंट अँड स्टील, आणि सोन्याचे बूट. बूटच का, तर सोन्याच्या आर्मरमधली, म्हणजे चिलखतातली, ती सगळ्यात स्वस्त वस्तू, ४ इंगॉटमध्ये (सोन्याच्या विटांत) होते. त्याचं काम पुढं येईलच.

पाण्याची बादली नेऊ नका, ओतलं की वाफ होऊन जातं. आणि पलंग तर अजिबात नको. तिथं झोपायला गेलात की पलंगाचा स्फोट होतो, तोही टीएनटीपेक्षा मोठा.

पोर्टल बांधा

पोर्टल म्हणजे नेदरमध्ये जायचं दार. त्याला ऑब्सिडियनची, म्हणजे काळ्या कडक दगडाची, उभी चौकट लागते, ४ रुंद आणि ५ उंच, आत २ बाय ३ ची मोकळी जागा. पूर्ण चौकटीला १४ ब्लॉक लागतात पण चारही कोपरे सोडले तरी चालतं, मग १० मध्ये काम होतं. ऑब्सिडियन खोदायला डायमंडची कुदळ लागते, ती नसेल तर साचा करून जागेवरच लाव्हा ओता आणि वरून पाणी सोडा, तिथल्या तिथं ऑब्सिडियन तयार. मग आतल्या बाजूला चकमक लावायची की जांभळा पडदा दिसतो.

पोचल्या पोचल्या पळत सुटायचं नाही

पहिल्यांदा पोर्टलभोवती कोबलस्टोनची खोली करून टाका. घास्ट नावाचं एक पांढरं तरंगतं भूत असतं, ते लांबूनच आगीचे गोळे टाकतं आणि गोळा पोर्टलला लागला तर पोर्टल विझतं. विझलं आणि तुमच्याकडं चकमक नसली तर मग बसा बे रडत. तिथला लाल दगड, नेदररॅक, गोळ्यानं फुटतो पण कोबलस्टोन फुटत नाही, म्हणून एवढा दगड वाहून न्यायचा.

लगेच कोऑर्डिनेट्स, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते सांगणारे एक्स, वाय, झेड हे आकडे, लिहून ठेवा. मोबाईलवर सेटिंगमध्ये दाखवायचा पर्याय आहे, कॉम्प्युटरवर जावा एडिशन असेल तर एफ थ्री दाबा. कागदावर लिहा, खरंच, कारण तिथं साधं होकायंत्र वेड्यासारखं फिरतं, घड्याळही तसंच, आणि नकाशासुद्धा काही कामाचा नाही.

अंतराचं गणित

नेदरमध्ये १ ब्लॉक चाललात की वरच्या जगात, म्हणजे गेमच्या नेहमीच्या जगात, ८ ब्लॉक गेल्यासारखं असतं. सोलापूर ते पंढरपूर धरा ७२ किलोमीटर, नेदरमधून ते ९ च भरेल. म्हणून लांबच्या ठिकाणी जायचं तर वरच्या जागेच्या एक्स आणि झेडला ८ नं भागा आणि नेदरमध्ये तिथं दुसरं पोर्टल उभं करा. वाय म्हणजे उंची, तिला भागायचं नाही. दोन पोर्टल फार जवळ बांधली तर भलत्याच ठिकाणी बाहेर पडाल, हे पण लक्षात असू द्या.

उंचीचं बोलायचं तर खाली बेडरॉक (न फुटणारा खडक), वर १२७ ला पण बेडरॉक, म्हणजे अख्खा नेदर ही एक बंद गुहाच आहे. लाव्ह्याचा समुद्र ३१ च्या आसपास असतो. कड्यावर असाल, पूल बांधत असाल तर स्नीक, म्हणजे दबकत चालायचं बटण, दाबूनच ठेवा, तसं केलं तर पाय घसरत नाही. आणि तिथला लाव्हा वरच्यापेक्षा वेगानं वाहतो आणि लांब पसरतो, त्यामुळे भिंत खोदताना समोरून लाव्हा आला तर बघत बसू नका, आधी ब्लॉक लावा.

पाच इलाके

साधा लाल माळ म्हणजे नेदर वेस्ट्स, तिथं घास्ट आणि झोंबी पिगलिन, म्हणजे डुकरतोंडे झोंबी. झोंबी पिगलिन आपणहून काही करत नाहीत, पण एकाला मारलं की आसपासचे सगळे अंगावर येतात. सोल सँड व्हॅली निळसर धुक्याची, वाळूत पाय रुततात, स्केलेटन बाण मारतात, आणि तिथली निळी आग साध्या आगीच्या दुप्पट भाजते. बसाल्ट डेल्टा ही काळ्या खडकाची खाचखळग्यांची जागा, मॅग्मा क्यूब नावाचे आगीचे ठोकळे उड्या मारत येतात, मध्ये मध्ये लाव्ह्याची डबकी, काम नसेल तर जाऊच नका. लाल क्रिमसन जंगलात हॉग्लिन नावाचे दांडगे डुक्कर असतात, ते मारले तर मांस मिळतं.

निळं-हिरवं वार्प्ड जंगल मात्र मला लई आवडतं. तिथं जास्त करून एंडरमन नावाचे उंच काळे राक्षसच, त्यांच्या डोळ्यात बघू नका एवढं पाळलं की काम झालं. तळ ठोकायचा तर इथंच. शिवाय इथली वार्प्ड बुरशी हॉग्लिनला सहन होत नाही, दोन-चार उपटून बॅगेत टाका.

कुणाशी भांडायचं, कुणाशी नाही

अंगावर सोन्याची एक वस्तू असली तरी साधे पिगलिन (झोंबी नसलेले डुकरतोंडे) गप्प राहतात, म्हणून ते बूट. त्यांच्यासमोर सोन्याचा इंगॉट टाकला तर बदल्यात काहीतरी देतात, नशीब असेल तर आगीपासून वाचवणारं पोशन पण. पण त्यांच्यादेखत चेस्ट उघडला किंवा सोनं खोदलं तर संपलं. बॅस्टियन म्हणजे पिगलिनच्या पडक्या गडातल्या पिगलिन ब्रूटला तर सोन्याचंही काही देणंघेणं नाही, दिसला की मारतो.

घास्टचा गोळा अंगावर आला की टायमिंग धरून त्याला ठोसा मारा, उलटा जाऊन त्यालाच लागला तर घास्ट खलास. फोर्ट्रेस म्हणजे नेदरमधल्या किल्ल्यातल्या ब्लेझ नावाच्या आगीच्या राक्षसाला बर्फाच्या गोळ्यांनी इजा होते, थोडे नेलेले बरे.

नेदराइट

नेदराइट हा डायमंडपेक्षाही भारी धातू. तो ज्यातून निघतो ते एन्शंट डेब्री वाय १५ च्या आसपास जास्त सापडतं, खोदायला डायमंडचीच कुदळ. भट्टीत भाजून स्क्रॅप होतं, ४ स्क्रॅप आणि ४ सोन्याचे इंगॉट मिळून १ नेदराइट इंगॉट. नेदराइटची वस्तू लाव्हात पडली तरी जळत नाही. २०२३ पासून मात्र डायमंडची वस्तू नेदराइटची करायला, म्हणजे अपग्रेडला, वेगळं टेम्पलेट (साचा) लागतं, ते बॅस्टियनच्या चेस्टमध्ये मिळतं आणि एकदा वापरलं की संपतं, म्हणून वापरायच्या आधी कॉपी काढून घ्या. त्याला ७ डायमंड आणि १ नेदररॅक लागतो. नेदररॅक परत येताना दोन मूठ उचलून आणा, डायमंडचं काय ते तुमचं तुम्ही बघा.