गाव बंद असताना घरच्या कोठीवर नीट कसं जेवावं

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा आमच्याकडे तूर घरात येऊन पडली होती, हरभऱ्याची मळणी उरकत आली होती. तरी पहिल्या दहा दिवसांत घरातलं संपलं काय, तर साखर, तेल अन् बिस्किटं. डाळीचा डबा भरलेलाच! पुन्हा साथ येऊन दारं लावून बसायची वेळ आली, तर सुरुवात हिशोबापासून करा.

पहिलं काम, कागद घेऊन कोठीसमोर बसा. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी, जवस, फल्लीदाणे, गूळ, तेल, जे आहे ते लिहून काढा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या थोडं वर धरा. चौघांना सव्वादोन-अडीच लिटर पुष्कळ होतं. तेवढं एक तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं आणि महिनाभर दुसऱ्या डब्याला हात लावायचा नाही. कागदावर तांदूळच जास्त दिसत असेल, तर पुढची खरेदी डाळीची करा, साखरेची नाही.

आता ताट. ज्वारीच्या भाकरीत प्रथिनांचा जो भाग कमी असतो तो डाळीत असतो, आणि डाळीत जो कमी तो ज्वारीत. म्हणून भाकर-वरण, भाकर-बेसन ही जोडी मोडू नका. माणशी दिवसाला दोन मुठी कोरडी डाळ किंवा कडधान्य पोटात जाऊ द्या. मूग सकाळी भिजवून रात्री ओल्या फडक्यात बांधले, की आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड आलेच समजा. त्यावर लिंबू पिळायला विसरू नका, आंबटामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलट करतो, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. जवस मात्र भाजून, कुटून चटणीतूनच खा. अख्खा दाणा पचत नाही.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांसाठी एक इशारा. लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, घरात भरपूर आहे म्हणून महिनोन्‌महिने दोन्ही वेळ तिच्यावरच काढू नका. ती मुख्य अन्न झाली की पाय लुळे पडायचा धोका असतो. भरपूर गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, आणि तूर-मुगाशी आलटून-पालटून वापरा.

भाजीचं काय, हा प्रश्न बाजार बंद झाला की सगळ्यांना पडतो, आणि उत्तर बहुतेक वेळा परसातच असतं. आड्याला टांगलेलं कोहळं महिनोन्‌महिने टिकतं. मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा आपण तोडतो, पाला शेळीला घालतो. तोच पाला बारीक चिरून डाळभाजीत घाला. हरभऱ्याची वाळवलेली भाजी आणि मुंगवड्या अशाच दिवसांसाठी केलेल्या असतात, पाहुण्यांसाठी जपून ठेवू नका. चिवळीच्या पालेभाजीला जरा ओल मिळाली की ती फोफावते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात रुसतो, त्यापेक्षा पसरट टोपलीत माती घालून सावलीत मेथी पेरा. दहा-बारा दिवसांत कोवळी भाजी खुडता येते.

खरी गडबड जेवणात नसतेच, चहात असते. घरी बसलं की चहा सहादा होतो. कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर धरली तर दिवसाचे ६० ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा साधारण ५० ग्रॅम आहे, आणि २५ च्या आत राहिलं तर अधिक चांगलं. दुपारचा चहा काढून तिथे ताक ठेवा. ताकात मीठ बेतानं! पापड, कुरड्या, लोणचं धरून दिवसाचं मीठ एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत बसायला हवं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना गूळ ‘चालतो’ असं गावोगाव सांगतात. चालत नाही.

घरात कोणी आजारी पडलंच तर त्याचं ताट, गडू वेगळा ठेवा. पातळ मूगखिचडी किंवा पेज दोन-दोन तासांनी थोडी थोडी द्या. जुलाब होत असतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच, घालून घोट-घोट पाजा. काढा हवा तर प्या, पण त्यानं साथ अडत नाही. दम लागला, लघवी कमी झाली किंवा पोर मलूल पडलं तर घरगुती उपाय करत बसू नका, आशाताईंना फोन लावा.

शेजारचं घर आजारी असेल तर दोन भाकरी जास्त थापा. डबा ओट्यावर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे सरकायचं. आपल्याकडे भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नाही, पण साथीपुरती ती मोडा. भांडं रिकामंच येऊ द्या, साबणानं घासा, आणि मग हात धुवा.