मोठ्यांना टाइम मॅनेजमेंट शिकवताय? मग या चुका टाळा

सुरुवातीला मी ही सेशन्स घ्यायचे तेव्हा पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं असायचं, "सगळ्यांना दिवसाचे २४ तासच मिळतात". एकदा मागच्या रांगेतल्या एका ताईंनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, मॅडम, माझ्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, या २४ मधले माझे किती? मला उत्तर देता आलं नाही, आणि ती स्लाइड मी त्याच दिवशी काढून टाकली.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. समोरचा माणूस आळशी आहे किंवा त्याला प्लॅनिंग येत नाही असं मनात धरून आपण शिकवायला उभे राहतो. अहो, समोर बसलेली माणसं २०-२५ वर्षं घर आणि नोकरी दोन्ही ओढतायत, त्यांना वेळेचं महत्त्व काय सांगता? आधी हिशोब करायला लावा. आठवड्याचे १६८ तास फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येकाने स्वतःच्या कागदावर वजा करत जायचं. एक उदाहरण घ्या, झोप ४९, नोकरी ४८, येणं-जाणं १२, घरकाम आणि मुलं २८, आंघोळ-जेवण वगैरे १४, झाले १५१. उरले १७, आणि ते पण सलग नाहीत, इथे वीस मिनिटं तिथे अर्धा तास असे सांडलेले. हा आकडा बघितल्यावर वर्गाचा चेहराच बदलतो, कारण "माझं काहीतरी चुकतंय" वरून गाडी "माझ्या हातात नक्की काय आहे" वर येते. पुढचं सगळं शिकवणं या उरलेल्या तासांवरच करायचं, आणि कोणाचा आकडा शून्याच्या जवळ आला तर त्याला टेक्निक देऊ नका, घरातलं काम कोण वाटून घेऊ शकतं ते विचारा.

दुसरी चूक, सगळ्यांना एकच औषध. पोमोडोरो घ्या, २५ मिनिटं काम ५ मिनिटं ब्रेक. ही पद्धत फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी, स्वतः विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून काढली. म्हणजे एकटं बसून अभ्यास करणाऱ्या माणसाची ती सोय होती, ती कोडिंग करणाऱ्याला किंवा रिपोर्ट लिहिणाऱ्याला छान बसते, पण काउंटरवर बसलेल्या माणसाला किंवा वॉर्डातल्या नर्सला तुम्ही टायमर लावायला सांगितलात तर ती लोकं मनातल्या मनात हसतात (मी बघितलंय). त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी हवं, उदाहरणार्थ पाच मिनिटं मोकळी मिळाली तर करायच्या कामांची छोटी यादी खिशात ठेवायची, बास.

मग "अंदाज नीट लावा" हा सल्ला. हा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि हे माझं मत नाही नुसतं. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, सरासरी अंदाज आला ३४ दिवसांच्या आसपास, प्रत्यक्षात लागले साधारण ५५. गंमत म्हणजे "सगळं वाईटात वाईट झालं तर किती" असं विचारल्यावरही सांगितलेला आकडा ४९च्या आसपासच होता! त्यामुळे जास्त विचार करून अंदाज सुधारत नाही. मागच्या वेळी खरंच किती वेळ लागला ते बघायला शिकवा. वर्गातच करून दाखवता येतं, एखादा फॉर्म भरायला किती मिनिटं लागतील ते आधी लिहून घ्यायचं आणि मग घड्याळ लावायचं.

आणि २१ दिवसांत सवय लागते हे कृपया सांगू नका. ते एका प्लास्टिक सर्जनने १९६० च्या सुमारास केलेल्या निरीक्षणातून आलंय, की पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात, त्यातला "निदान" पुढे गळून पडला. नंतर लंडनमध्ये यावर नीट अभ्यास झाला तेव्हा सरासरी निघाली ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं. बावीसाव्या दिवशी "मला जमत नाही" म्हणून सोडून देणाऱ्यांना हे आधीच माहीत असायला हवं.

आता काम आणि घर यांच्या बॅलन्सचं. इथे सगळे ट्रेनर मेडिटेशन आणि छंद यावर घसरतात. प्रश्न असतो रात्री साडेदहाला येणाऱ्या साहेबांच्या मेसेजचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, जी व्याख्या केली त्यात तो कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येतो असं म्हटलंय, वैयक्तिक आजार म्हणून त्याची नोंद नाही. आणि आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो असं याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसोबत (ILO) २०२१ मध्ये मांडलं. त्यामुळे कंपनीने बोलावलं असेल तर मी मॅनेजर लोकांचं वेगळं सेशन मागते, नाही म्हणाले तर निदान एक तास. आणि बाकीच्यांकडून "नाही म्हणायला शिका" असं न सांगता वाक्यं पाठ करून घेते, जोडीजोडीने बोलून. "हे मी आज घेते सर, पण मग कालचा रिपोर्ट उद्या दुपारी जाईल, चालेल ना?" पहिल्यांदा बोलताना आवाज कापतो लोकांचा, तिसऱ्यांदा नाही कापत.

अडलं की काय करायचं

वेळेची नोंद कोणी भरून आणत नाही? बहुतेक वेळा तुम्ही दर पंधरा मिनिटांची मागितलेली असते. तीनच दिवस मागा, त्यात एक सुट्टीचा, आणि ती कोणालाही दाखवायची नाही हे सांगा, दोन तास फोनमध्ये गेले हे चारचौघात कोण लिहील?

वर्गात उत्साह आणि आठवड्याने सगळं थंड? तर तुम्ही एका बैठकीत दहा गोष्टी दिल्यात. तीन तासांच्या एका सेशनपेक्षा आठवड्याच्या अंतराने ४५ मिनिटांची चार घ्या, प्रत्येक वेळी एकच बदल, तोही आधीच्या एखाद्या कृतीला बांधलेला, म्हणजे लॅपटॉप बंद केला की लगेच उद्याचं पहिलं काम कागदावर.

लोक उशिरा येतात? आलेल्यांना घेऊन वेळेवर सुरू करा. आणि संपवा पण वेळेवर, मी एकदा रंगात येऊन वीस मिनिटं जास्त घेतली होती, विषय होता ऑफिसातून वेळेवर कसं निघायचं.